कातड्याला मीठ

...नाही, पण मी म्हणते, कुर्बानीच्या ईदला तरी माणसानं घरात टेकावं की नाही? मोरोक्कोतलं आमचं अख्खं फेस शहर गच्चीवर निखारे फुंकतंय, चरबीत गुंडाळलेली कलेजी सळईवर चुरचुरतेय, आणि आमचे हे, मक्कीउस्ताद, चामड्याचे कारागीर, मिठाची पिशवी खांद्यावर टाकून गच्च्या ओलांडत सुटलेले! ईद मुबारक राहिलं बाजूला, ज्याला त्याला पहिला प्रश्न काय, तर "कातड्याला मीठ लावलं का? नाहीतर सडेल!" लोक मटण बघतात, हे कातडं बघतात... आता काय बोलायचं या माणसाला, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगते, चौथ्यांदा कलेजी गरम केली आणि तरातरा निघाले त्यांना धरून आणायला. तर हे कुठं? शेजारच्या बतूलखालाच्या गच्चीवर. खालाचे मालक दोन महिन्यांपूर्वी गेले. मेंढा त्यांनीच वाढवलेला, कोकरू असल्यापासून; खालाच्या मनात एवढंच, की त्याच्या लोकरीवर बसून त्यांच्यासाठी नमाज पढायची. आणि कसायाला सात घरं उरकायची घाई! सुरी घसरली... मधोमध वीतभर चीर! वर म्हणतो कसा, "अहो खाला, मटणाला तर काही झालं नाही ना?" खाला बापडी कातडं मांडीवर घेऊन बसलेली. "मक्की, हे आता फेकायचंच का रे?"

ह्यांनी कातडं उलटं पसरलं, खिशातून सुई काढली (ईदच्या नव्या झग्यात सुई!) आणि बसले उन्हात. मी म्हटलं, "अहो, कलेजी..." "हूं." "गार होतेय..." "हूं." आता काय बोलायचं या माणसाला! भांडायचं म्हणून मी शेजारी बसले आणि... बघतच राहिले. कडेला कड नुसती टेकतेय, लोकरीचा एक केस टाक्यात अडकू देतील तर शपथ! माशा तोंडावर बसतायत, घाम नाकावरून टपकतोय, हात मात्र असा चाललाय, जसं निजलेल्या लेकराला थोपटावं. वीस वर्षं संसार केला या हातांशी, पण असे कधी बघितलेच नव्हते मी.

ऊन कललं तेव्हा कातडं सुलटं केलं. खालानं लोकरीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. "कुठं रे फाटलं होतं?"

"खाला, आता मलाही सापडत नाही."

खाला हसली हो! दोन महिन्यांनी हसली! आणि डोळे पुसत बसले मी... आता काय बोलायचं या माणसाला?

घरी आलो. राग कधीच पळाला होता. पाचव्यांदा गरम केलेली कलेजी मी आपल्या हातानं पुढ्यात ठेवली. ह्यांनी एक घास घेतला, थांबले, माझ्याकडे बघितलं. "मीठ लावलंस का गं?"

"लावलं की! कमी पडलं?"

"कलेजीला नाही गं... आपल्या कातड्याला!"

म्हटलं, खा तुम्ही. आणि घेतला मिठाचा डबा, चढले गच्चीवर.