समोरच्या दाराची दुसरी किल्ली

...अहो भाऊ, नका उचकटू ते, किल्ली आहे ना माझ्याकडे. मालकांनीच पाठवलं ना कुलूप बदलायला? मला एका शब्दानं बोलले नाहीत. तीन वर्षं या दाराची दुसरी किल्ली माझ्या खुंटीला आणि माझ्या दाराची तिच्याकडे — इतकं जिच्याशी होतं, ती बाई न सांगता जाते. माणसावर जीव लावूच नये.

तीन महिन्यांसाठी आली होती हो, परदेशातून, मुलीच्या बाळंतपणाला. तेवढ्यात साथ आली, विमानं बंद. सरकारच म्हणालं, अडकलेल्यांनी राहा, मुदत आपोआप वाढवलीय. संपत आली की पुन्हा वाढायची — ना अर्ज, ना खेटे. अशी तीन वर्षं. भाषा निम्मी तिची, निम्मी माझी, बाकी हातवारे, पण एक दिवस बोलल्याशिवाय गेला नाही आमचा. नात तर माझ्या ओट्यापाशी चालायला शिकली. आणि मग एकदम जाहीर केलं, साथ संपली, सवलत बंद. तीस दिवसांत नवा अर्ज करा, नाहीतर परत जा. मुलगी दवाखान्यात नर्स, आज रात्रपाळी, उद्या दिवसपाळी. आजी गेली तर पोरीला धरणार कोण? केला अर्ज.

त्याच्या चौकशीला आला एक साहेब. नेमकी ती नातीला डोस द्यायला गेलेली. समोर कुलूप, म्हणून मीच बोलावलं त्याला आत. माणूस दारातून परत जाऊ द्यायचा का? चहा दिला, दुसरा कप तर त्यानं मागून घेतला. म्हणाला, कशा आहेत बाई, दिवसभर काय करतात? मी चांगलंच सांगितलं हो — म्हटलं, बसून खाणाऱ्यातली नाही ती. पडदे म्हणू नका, अभ्रे म्हणू नका, पोरांचे शाळेचे गणवेश — अर्ध्या गल्लीचं शिवते. हा माझा गाऊनसुद्धा, हा खिसा बघा, आहे कुठं टीप वाकडी? त्यानंही वाकून बघितला. वहीत लिहून घेत होता, मला वाटलं, तिच्या बाजूचंच लिहितोय.

पाहुणी म्हणून राहायच्या कागदावर काम करता येत नाही म्हणे. मला मेलीला काय माहीत — म्हणजे, बोलली होती ती एकदा. मशीनचा आवाज खाली जाऊ नये म्हणून चार घड्यांची घोंगडी घालायची खाली. मीच दिली होती घोंगडी. म्हणाली होती, हे तुझ्या-माझ्यात. मी कुणाला बोलले का? खालच्या मजल्यावरच्या बाईलासुद्धा नाही. पण सरकारी माणूस, हसून बोलणारा, तो काय बाहेरचा वाटतो? माझा चहा पिऊन माझ्याच तोंडातलं लिहून नेलं त्यानं. फसवलं की नाही मला?

आठ दिवसांत नकार आला. नात आजीबरोबर गेली, तीन वर्षांची पोर, आईला सोडून. मुलगी आता दवाखान्याच्या खोलीवर राहते म्हणे. हे सगळं मला खालच्या मजल्यावरच्या बाईनं सांगायचं. शेजारीण मी, आणि मला कळतंय जिन्यात.

परवा दूध घ्यायला दार उघडलं, तर पायपुसण्यावर घोंगडी. चार घड्यांची, वर माझ्या दाराची किल्ली. चिठ्ठी नाही, काही नाही. घाईत ठेवली असेल, नाही का? विमानाची गडबड, पोरीचं सामान... पण धुतलेली होती हो. दोन दिवस तरी लागतात तिला वाळायला. दोन दिवस ती समोरच्याच गॅलरीत वाळत होती आणि मी —

घ्या ही किल्ली. बसवा तुमचं कुलूप. आणि मालक म्हणाले ना, नव्याची एक शेजारी ठेवा म्हणून — नको. त्यांची त्यांनाच द्या.