गाडीकाकांचा शनिवार

नाही हो मिस्त्री, गंजून नाही गेला तो. गंजलेला नट असा दिसतो होय? तुम्हालाही कळतंय ते — पक्कड चालवलीय त्याच्यावर कुणीतरी. कुणीतरी म्हणजे — घरात मी एकटीच राहते. पण ते राहू द्या, तुम्ही आधी पाणी बंद करा, खाली ती बादली लावा. हो, हे एवढे जोड, ही गुंडाळलेली टेप, त्या खिडकीची कडी, दाराची बिजागरी — सगळं एकाच माणसाच्या हातचं. प्लंबर? छे! शाळेच्या मुलांची गाडी चालवायचे ते. माझी मुलगी त्यांना गाडीकाका म्हणायची, मग सगळेच म्हणायला लागले.

तिच्याबद्दल विचारताय? सात वर्षांची होती. गाडीकाका आमच्याच चर्चमधले, गायनात पहिल्या रांगेत, आवाज असा की छातीत घुमावा. गाडीतही मुलांना घेऊन गातच जायचे. त्या दिवशीही गातच होते — पोरगी उतरली, पिशवी आतच राहिली म्हणून गाडीमागून वळली, आणि यांनी आरशात न बघता गाडी मागे घेतली. एवढंच. एवढंच म्हणतेय मी — पण एवढंच असतं का ते? मी फाटकात उभी होते. डबा घ्यायला हात पुढे केलेला.

शिक्षा झाली, भोगून आले. आले त्या रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले, मान खाली. आणि मी उठले. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून उठले. म्हटलं, 'गाडीकाका, प्रभूनं मला क्षमा केली, मीही तुम्हाला केली.' अख्खी मंडळी रडली. माझ्या यजमानांनी तेवढं बाहेर आल्यावर विचारलं, 'खरंच केलीस?' मी म्हटलं, 'मग काय देवाच्या घरात खोटं बोलेन?' त्यांनी पुन्हा नाही विचारलं. आता विचारायला तेही नाहीत.

तर पुढच्या शनिवारी गाडीकाका दारात, हातात अवजारांची पेटी. 'ताई, काही मोडलं-बिडलं असेल तर बघतो.' होती एक कडी मोडलेली. मग दर शनिवारी. चहा घ्यायचे नाहीत. गाणं तर गेलंच होतं तोंडातून. लोक म्हणायचे, क्षमा करावी तर या बाईनं — त्या माणसाला घरात येऊ देते, काय मन म्हणावं! आणि मला ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू. पण घरात मोडायला असतं किती हो? दोन माणसांचं घर, मग एका माणसाचं. एका शनिवारी काही म्हणता काही नव्हतं. ते दारातूनच परत निघाले — आणि पाठ कशी हलकी दिसली त्यांची! मला ती पाठ बघवेना. पुढच्या शुक्रवारी मी पक्कड हातात घेतली. हो, मीच. बघताय काय असे? आणि तिचे बूट — तिचे शाळेचे बूट मी स्वयंपाकघराच्या दारात ठेवायचे, ओलांडल्याशिवाय आत येताच येऊ नये असे. दर वेळी पुसून. ते थांबायचे, मग ओलांडायचे. मी खुर्चीत बसून बघायचे.

गेल्या महिन्यात याच बेसिनखाली आडवे झाले होते. आता थकलेत. आणि मला ऐकू आलं — गुणगुणत होते. त्यांचं त्यांना भान नव्हतं, कामात हात रमला की येतं ना ओठांवर, तसं. तीच चाल, गाडीतली. माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक — बूट उचलले आणि त्यांच्या डोक्याशी फरशीवर आपटले. गाणं थांबलं. ते बाहेर आले. रागावले नाहीत हो, घाबरलेही नाहीत — मार खाऊन खाऊन निर्ढावलेल्या पोराचं तोंड असतं ना, तसं तोंड. आणि घर असं गप्प झालं, मिस्त्री, असं गप्प — मला वाटलं माझी पोर त्या कपाटाशी उभी आहे आणि बघतेय. त्यांच्याकडे नाही. माझ्याकडे.

म्हटलं, 'उठा काका. पुढच्या शनिवारपासून येऊ नका.' तर म्हणाले, 'ताई, क्षमा परत घेतलीत का?' सांगितलं खरं तेच. 'दिली कुठे होती? मुठीत धरून तुम्हाला नुसती दाखवत होते. आज देतेय. जा. नळ तसाच टाका.' पेटी आवरताना पाना दोनदा पडला त्यांच्या हातून. मी उचलून दिला.

वाटलं, सुटले. कसलं सुटते! शनिवार उजाडला की कान दाराला. कपाटाकडे पाठ करून जेवते मी, सांगते तुम्हाला. आणि त्यानंतरच्या प्रभुभोजनाला — म्हणजे आमच्यात सगळे पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षरस घेतात — मला बाकावरून उठवेना. इतकी वर्षं ताठ मानेनं सगळ्यांच्या आधी जायचे, आणि आता पाय उचलेना. लोक वळून बघायला लागले. रांगेतून गाडीकाका परत फिरले, माझ्या शेजारी येऊन बसले. 'चला ताई.' मी मान हलवली. म्हटलं, 'लाज वाटते हो.' म्हणाले, 'ती मला सांगताय होय?' — आणि हसले. इतक्या वर्षांनी हसले. मी नाही उठले, म्हणून तेही नाही उठले. रांग संपली, पेला झाकला, आम्ही आपले दोघं बाकावर. उद्या पुन्हा प्रभुभोजन आहे. ते आजच निरोप ठेवून गेलेत शेजारच्यांकडे — ताईंना सांगा, चर्चच्या दारापाशी थांबतो, आत बरोबर जाऊ. जाईन? काय माहीत. सकाळी बघू.

झालं का तुमचं? मग पाणी सोडून बघा. गळत नाही ना आता? — बरं. मी नळासाठी बोलावलं होतं तुम्हाला. निघा आता, पुढची कामं असतील. आणि हे बाहेर कुणाजवळ बोलू — थांबा. बोला. कुणी विचारलं तर खुशाल सांगा, त्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं म्हणून. जा. दार ओढून घ्या.