ट्रेलरच्या चाकातली हवा

"हॅलो?… हॅलो, कोण?… ठमे, तू होय! अगं, आवाज तुटतोय तुझा. थांब, दाराशी येते… हं, बोल आता."

फोन नणंदेचा होता. सख्खी, धाकटी, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. नाव काहीही असो, घरात सगळे तिला ठमीच म्हणत. वहिनी उभी होती भाड्याच्या शेडमध्ये. एका हातात फोन, दुसऱ्या हातात हवा मोजायचं मीटर आणि समोर दोन चाकांच्या ट्रेलरवर चढवलेली नवऱ्याची नाव. नवरा जाऊन दोन महिने होत आले होते.

"हो, शेडमध्येच आहे… आजच नेणार. तळ्यावरच्या शाळेला शब्द दिलाय, दुपारपर्यंत आणून देते म्हणून… नाही गं, घाई कसली. नुसती पडून राहणार, त्यापेक्षा पोरं वल्हवायला तरी शिकतील… अगं ऐक ना… ठमे, काल पण तू हेच बोललीस. परवा पण."

दोन दिवस ठमीने तोच धोशा लावला होता, नाव नेऊ नकोस, शेडमध्ये जाऊच नकोस. वहिनीला वाटलं, भावाची वस्तू आहे, जीव अडकला असेल बिचारीचा. तिचा स्वतःचा जीव कशातच अडकत नव्हता. सकाळी शाळेची बस काढायची, मुलं पोचवायची, बस परत लावायची. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. खंबीर कसली? दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा आपला वाटेनासा होतो, तशी ती सगळीच झाली होती.

"पस्तीस? कोणी सांगितलं पस्तीस?… दादा म्हणायचा? अगं, ती मोटारीच्या चाकांची हवा. ट्रेलरचं गणित निराळं… टायरच्या अंगावर लिहिलेलं असतं, जास्तीत जास्त किती ते. इथे पासष्ट पौंड आहे. पण ते पूर्ण ओझं असेल तेव्हा. आपली नाव हलकी, वर इंजिनही काढलंय. पासष्ट भरली तर ट्रेलर खड्ड्याखड्ड्याला उड्या मारेल… पस्तीसवर नेला तर टायर तापेल आणि वाटेत फुटेल… हो, कमी हवेनेच! सगळ्यांना उलटं वाटतं… पन्नास भरते. चाक थंड आहे तोवरच मोजायची असते, चालल्यावर मोजून उपयोग नाही."

हे तिचं रोजचं काम. बसच्या चाकांना मीटर लावल्याशिवाय ती किल्ली फिरवत नसे. या ट्रेलरला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. ते खातं नवऱ्याचं. दर रविवारी तो डबा घेऊन निघायचा, नाव तळ्यावर न्यायचा आणि संध्याकाळी मासे घेऊन परतायचा. पाण्यावर तिचं पोट ढवळायचं, म्हणून ती घरीच.

"थांब हं, खाली बसते… डावीकडे लावते आधी… नऊ… नऊ गं, दहाला एक कमी… नाही, मीटर ठीक आहे, कालच बसला लावलं होतं. उजवं बघते… सात."

ती तशीच उकिडवी बसून राहिली.

"ठमे, हे कसं काय? दर रविवारी हवा बघून निघतो म्हणायचा ना तो?… दोन महिन्यांत एवढी उतरत नाही… उतरते? तुला गं काय माहीत?… बरं, थांब जरा."

तिने रबरावरून बोट फिरवलं. मग मान तिरकी करून चाकाच्या मध्यावर पाहिलं.

"बाजूला भेगा पडल्यात. नख आत जातंय… खालून पार चपटा होऊन बसलाय टायर… आणि चाकाच्या मधोमध कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय. एक नाही, एकावर एक थर. जुने… ठमे, फिरत्या चाकावर कुंभारीण घर बांधत नाही."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो?… आहेस ना?… मग बोल… रडतेस काय? आधी बोल, मग रड… तुला माहीत होतं. म्हणून नको-नको चाललं होतं तुझं?… नाही, ओरडत नाहीये मी. ओरडायला यायला तर हवं."

तिने मीटर बाजूला ठेवलं आणि सरळ फरशीवर बसली.

"कुठे जायचा मग?… तुझ्याकडे?… दर रविवारी?… दम लागायला लागला तेव्हापासून. म्हणजे… दोन वर्षं की गं… आणि काय करायचा?… झोपायचा? दिवसभर? सोफ्यावर… आणि डबा?… तू खायचीस! तरीच. एरवी दोन घासांत उठणारा माणूस, रविवारी डबा चाटूनपुसून लख्ख आणायचा… आणि मासे?… बाजारातले? तू आणून ठेवायचीस?… अगं, मी विचारायचे त्याला, तळ्यावर इतके छान खवले काढून कोण देतं? तर म्हणायचा, 'ओळख आहे आपली.'"

हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

"पण मला का नाही सांगितलं?… हं… हं… काय म्हणाला? नीट सांग, त्याच्या शब्दांत सांग… 'तिच्या पाठीमागे चाळीस पोरं बसलेली असतात. तिच्या डोक्यात माझ्या हृदयाचा घोर नको'… असं म्हणाला… बरं."

शेडच्या पत्र्यावर कुठलासा पक्षी चालत होता. नखांचा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला.

"आहे, ऐकतेय… मला राग यायला हवा ना गं? त्याचा, तुझा. शोधतेय, पण सापडत नाहीये… घरी तो रात्री खोकला दाबायचा. मला वाटायचं, झोपलाय. त्याला वाटायचं, मी झोपलेय… मी? नाही. तो गेल्यापासून नाही. पडते, डोळे मिटते, गजर होतो, उठते… कोणाला सांगू? विचारलं कोणी?… तुला नाही म्हणत मी. रडू नकोस."

ठमी बरंच काही सांगत होती. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं माणूस सांगतं तसं, उलटसुलट.

"बरं… हो… ते असू दे आता. नाव नाही नेत आज. या टायरांत पन्नास काय, वीस भरली तरी बाजू फाटेल. नवे घालावे लागतील. शाळेला कळवते तसं… ठमे, ऐक ना. तो सोफा आहे ना अजून?… मी येऊ?… बोलायला नाही. झोपायला."

ठमीने लगेच जेवणाचं काढलं.

"नको, जेवायला काही करू नकोस… उशी कुठल्या बाजूला घ्यायचा तो?… खिडकीकडे. बरं… नाही, नाही, मी नाही चालवत. डोळे मिटतायत माझे. अशा डोळ्यांनी मी गाडीला हात लावत नाही… तूच ये मला न्यायला."

आजवर सगळ्या गोतावळ्याला आणायला-पोचवायला तीच असायची. 'मला न्यायला ये' हे वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. बहुधा तिनेही नाही.

"हो, दार उघडंच आहे… सावकाश ये… ठेवते."

तिने फोन मांडीवर ठेवला आणि पाठ चाकाला टेकवली. ठमी धापा टाकत पोचली, तेव्हा ती फरशीवर पाय पसरून, तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती. ठमीने हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. चपला दाराशी काढून ती हळूच तिच्या शेजारी बसली.