मास्तर आत्या झाले तेव्हा

मंडळी, मास्तरांच्या शोकसभेला शाळेच्या या हॉलमध्ये आज बसायला जागा उरलेली नाही. इंदूताई, मास्तरांसोबत जन्मभर संसार केलेल्या तुम्ही समोर आहात, म्हणून बोलणं आणखी अवघड जातंय. मी वैद्य मास्तरांची विद्यार्थिनी नव्हे, शेजारीण. चुकलं तर सांभाळून घ्या.

मास्तर शाळेत मुलांना रसायनशास्त्र शिकवायचे. आम्हाला मात्र संध्याकाळी ओट्यावर मूलद्रव्यांच्या नावांच्या गोष्टी सांगायचे. आर्गॉन म्हणजे आळशी. ब्रोमीन म्हणजे दुर्गंधी. मी म्हणायचे, मास्तर, यापेक्षा आमच्या गल्लीतली टोपणनावं बरी. ते मनापासून हसायचे.

मला चौथी मुलगी झाली. सासूबाई वाईट नव्हत्या, मंडळी. पण नातवाची वाट पाहून थकल्या होत्या. त्यांनी ठरवून टाकलं, हिचं नाव नकोशी. म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मी बाजेवर पडून रडत होते. हाक तर जन्मभर मलाच मारायची होती ना? जेवायला ये, नकोशी. दिवा लाव, नकोशी. माझी जीभ कशी वळली असती हो?

मास्तर बाळाला बघायला आले. सगळं ऐकून घेतलं. मग सासूबाईंची सुपारीची निळी बरणी उचलली. हा रंग आवडतो ना, म्हणाले. सासूबाईंचा तर जीव होता त्या बरणीवर. मास्तरांनी सांगितलं, हा रंग कोबाल्ट नावाच्या धातूचा. परदेशातल्या खाणकामगारांनी चांदी मिळेल म्हणून दगड वितळवले. चांदी निघाली नाही, वर विषारी धूर. चिडून त्यांनी त्याला खाणीतल्या भुताचं नाव दिलं. ते आजवर चिकटून आहे.

"आजी, चांदीची आशा त्यांची होती. त्यात त्या धातूचा काय दोष?"

सासूबाई कितीतरी वेळ बरणी हातात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, दुसरं नाव सुचवशील, पण ते कानात सांगणार कोण? हिला आत्याच नाही. त्यांना वाटलं, मास्तर अडकले.

मास्तर म्हणाले, एक वायू आहे, हीलियम. आधी सूर्याच्या उजेडात दिसला, पृथ्वीवर मागाहून सापडला. म्हणून सूर्याचं नाव मिळालं त्याला. हिला सविता म्हणा.

"आणि आत्या मी होतो."

झाले की! पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं. आळीतल्या बायकांनी पाठीवर असे धपाटे घातले, की चष्मा पाळण्यात पडला. सगळ्यांत जोरात धपाटा सासूबाईंचा होता. आणि त्या हसत होत्या.

मास्तरांना मूलबाळ नव्हतं. पण दर भाऊबीजेला आमच्या घरी येऊन ह्यांना ओवाळायचे, बहिणीच्या हक्काने. आम्ही फार सुखात राहिलो त्यांच्या शेजारी. आज रडू येतंय, पण तक्रार नाही.

लेकीच्या नावाची ती हाक मला इतकी आवडते, की काम नसलं तरी मी मारते. आताही मारते.

सविता, ऊठ बाळा. आधी तू उभी राहा. तुझ्या आत्यासाठी आपण सगळे मिनिटभर शांत उभे राहू.