सासऱ्यांचं हरितगृह आणि माझा एक डास

...आणि वर घरचे मलाच विचारतात, "तुम्हाला सांगितलं कोणी होतं?" घ्या! डासाला सांगितलं होतं का कोणी? तो आला ना आपणहून? मग मीही उचलला हात! तुम्हाला सांगतो, मी गेलो होतो फक्त एक डास मारायला! एक! पुढचं सगळं मी केलेलं नाही, ते होत गेलं.

नाही, हसू नका, आधी ऐका, इथे माझी अब्रू पणाला लागलीय. तर आमचे सासरे. वजनमाप खात्यातून निवृत्त. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला, त्यामुळे माणूस समोर आला की आधी मनातल्या मनात त्याला पारड्यात घालतात. आणि मी? मी गेली एकवीस वर्षं शंभर ग्रॅम कमी भरतोय! चहा विचारतात, तब्येत विचारतात, "या जावईबापू, बसा जावईबापू" सगळं यथासांग, पण नजर काट्यावर! या सासऱ्यांनी बारा वर्षांपूर्वी घरामागे एक हरितगृह उभारलंय. दोन खोल्यांएवढं. वर प्लास्टिक, बाजूंना जाळी, आत ढोबळी मिरचीची चोवीस झाडं, दाराला कुलूप आणि कुलपाची किल्ली ह्यांच्या कमरेला. सासूबाईंनासुद्धा आत जायचं तर दार वाजवावं लागतं! मला बारा वर्षांत फक्त जाळीबाहेरून दर्शन. एकदा नुसतं विचारलं, "आत येऊ का?" तर म्हणाले, "कशाला?" आता 'कशाला'ला काय उत्तर असतं हो?

आणि अशात सासऱ्यांचा गुडघा गेला. ऑपरेशन. दहा दिवस दवाखाना. सासूबाई सोबतीला तिकडे, आमच्या हिला ऑफिसातून सुटायला सात वाजतात... उरलं कोण? सांगा, उरलं कोण? सासऱ्यांनी दवाखान्याच्या खाटेवर बसून कमरेची किल्ली सोडली... मुलगी देतानासुद्धा त्यांनी एवढा वेळ लावला नव्हता, मी होतो तिथे, मी पाहिलंय! म्हणाले, "जावईबापू, रोज पाणी घाला. बाकी काही करू नका." म्हटलं, "पण समजा काही..." तर म्हणाले, "काही. करू. नका."

आता हे काम मला जमण्यासारखं होतं! काही न करण्याचा माझा अनुभव दांडगा आहे, आमच्या हिला विचारा. मनात म्हटलं, दहा दिवस पाणी घालायचं, झाडं टवटवीत, सासरे खूश, माझे शंभर ग्रॅम भरून निघाले! पहिल्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं, आणि कानाशी... गुंऽऽऽऽ!

थांबा, माझ्या रक्ताबद्दल सांगायचं राहिलं. चार माणसं बसलेली असू देत, तीस डास असू देत, तीसच्या तीस माझ्याकडे येणार. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघणार नाहीत! पाहुणे आले की आमची ही मला मुद्दाम बाल्कनीच्या दाराशी बसवते. "अहो, तुम्ही तिकडे बसा ना, म्हणजे सगळ्यांना निवांत बसता येईल!" ही माझी घरातली किंमत.

तर गुंऽऽऽ. मी मारली चापट. डास सुटला, कान लाल. दुसरी चापट, चष्मा उडाला! आणि उडून पडावा कुठे? तिथे झाडांच्या मधे पिवळे कागद टांगलेत, चिकट, पांढरी माशी पिवळ्याला भुलते आणि येऊन चिकटते म्हणून. पांढरी माशी एकही दिसली नाही, माझा चष्मा मात्र कागदाच्या मधोमध, अगदी फोटो लावावा तसा! ओढला. एक काडी कागदाकडेच राहिली, काचांवर डिंक! पुसला, तर जास्त पसरला! आता चष्म्याशिवाय लांबचं मला काही दिसत नाही. दाराशी सासऱ्यांनी एक पाटी लावलीय, तिच्यावर खडूने काहीबाही लिहिलेलं, पण मला नुसते पांढरे धागे दिसतायत. म्हटलं जाऊ दे, पाटी वाचायला आलोय का आपण? मी गेलो होतो फक्त एक डास मारायला!

तो बसला एका पानावर. मी वाकलो. पान उलटलं... आणि अहो, काय सांगू! काळी काळी, अंगावर काटे, पाठीवर नारिंगी डाग, सहा पाय, इवल्याशा मगरीच जणू! दुसरं पान उलटलं, तिथे तीन. तिसऱ्यावर पाच! चोवीसच्या चोवीस झाडांवर फौज उतरलेली! सासरे तिकडे खाटेवर आणि इकडे शत्रू घरात! मला सांगा, ही काय 'काही करू नका'ची वेळ होती? घराला आग लागली तर तुम्ही काय, 'आपल्याला काही करू नका सांगितलंय' म्हणून शेकत बसाल?

बादलीत साबणाचं पाणी केलं. आणि एकेक वेचली. हाताने! दोन तास! कंबर धरली, मान धरली, डासांनी तोवर माझ्या पोटऱ्यांवर पंगती उठवल्या, पण मी हटलो नाही. एकशे सदतीस! बादलीचा फोटो काढला, सासऱ्यांना पाठवला, खाली लिहिलं, "शत्रूचा संपूर्ण बीमोड. निश्चिंत राहा."

दीड मिनिटात फोन. सासूबाई! "अहो जावईबापू, काय पाठवलंत हे? हे खाटेवरून उतरायला निघालेत!" मग सासरे. आवाज शांत. तो शांत आवाज फार वाईट हो! "जावईबापू, ती लेडीबर्डची पिल्लं होती."

म्हटलं, "काहीतरीच! लेडीबर्ड लाल असते, गोल, ठिपक्याठिपक्यांची, गोजिरवाणी..."

"मोठी झाल्यावर. तुम्ही जन्मलात तेव्हा असेच दिसत होतात का?"

मी बादलीत डोकावून पाहिलं.

"मावा म्हणजे पानांचा रस शोषणारे किडे, ते खायला वाढवली होती मी ती. एकेक पिल्लू दिवसाला तीसेक मावे खातं. दाराशी पाटी आहे. मित्र कोण, शत्रू कोण, दोन रकाने आखून लिहिलंय. वाचलीत नाही?"

"चष्मा... चिकटला होता."

"कुठे?"

हे मी त्यांना सांगायला नको होतं.

मग काय, राखणदार गेले आणि मावा मोकाट सुटला! चार दिवसांत पानं वळली, शेंडे चिकट, कळ्या गळायला लागल्या. आमची ही आली, जाळीतून बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला काही न करणंसुद्धा जमलं नाही?" एकवीस वर्षांच्या संसारात इतकं लागलं नव्हतं काही. खरंच सांगतो, रडू यायचं बाकी होतं. ती किल्ली खिशात धोंड्यासारखी जड झाली होती.

म्हणून गेलो मी गावातल्या बागेत. काचेची बरणी, रंगवायचा मऊ ब्रश, आणि नवा चष्मा! गुलाबाच्या ताटव्यात गुडघ्यांवर बसलोय, एकेक लेडीबर्ड ब्रशने बरणीत ढकलतोय, तोच मागून बागेतला माळी, "ओ साहेब! फुलं तोडायची नाहीत!"

म्हटलं, "फुलं कोणाला हवीत? किडे नेतोय."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग दुसऱ्या माळ्याला हाक मारली, "अरे इकडे ये, इकडे ये! बारा वर्षं लोक फुलं चोरतायत, आज पहिल्यांदा एक भला माणूस किडे न्यायला आलाय!" आणि देवमाणसं हो, दोघं कामाला लागले! "हा घ्या साहेब." "इथे जोडी आहे साहेब." "सुरवंट नेता का? चांगले गलेलठ्ठ आहेत!" भरली बरणी. त्रेपन्न!

आलो हरितगृहात. दार उघडलं, बरणीचं झाकण काढलं, आता एकेकीला पानावर सोडायचं... आणि नाकावर... गुंऽऽऽ! अहो, हात जातोच हो! मारली चापट, पण ती बरणीच्या हाताने! तीस-बत्तीस लेडीबर्ड उघड्या दारातून गेल्या, थेट बागेच्या दिशेने. आणि मी काय केलं होतं? तुम्हीच सांगा! फक्त एक डास!

उरलेल्यांनी जमेल तेवढा मावा खाल्ला. अकराव्या दिवशी सासरे आले. काठी टेकत, ठक... ठक... ठक... आत शिरले, मी मागे. पंधरा झाडं उभी, नऊ गेलेली. एकेका झाडापाशी थांबले, पान उलटलं, खाली ठेवलं. माझे शंभर ग्रॅम आता किलोभर तरी झाले असणार! मी किल्ली काढून पुढे धरली. घेतली नाही. स्टुलावर बसले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चमत्कारिक आहे."

म्हटलं, "काय झालं?"

"या वेळी डास मला इथे फोडून काढतात. आज एकही नाही."

आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या डाव्या हातावर सात, उजव्यावर चार, मानेवर किती ते मला दिसत नव्हते. बराच वेळ पाहिलं त्यांनी. वजन करताना पाहायचे ना, तसंच. मग म्हणाले, "किल्ली तुमच्याकडेच असू द्या. रोज साडेपाचला येत जा. त्या कोपऱ्यात बसा."

"बसून काय करू?"

"काही करू नका."

उठले, खडू घेतला, पाटीकडे वळले. मी मान लांब करून बघतोय, कुठल्या रकान्यात? 'मित्र'च्या रकान्यात लेडीबर्ड होती, कोळी होता, चतुर होता, सगळ्यात शेवटी बेडूक होता. बेडकाच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं... 'जावई'.

तेव्हापासून रोज जातो. बाह्या वर करून बसतो. सासरे निवांत झाडांचं बघतात, मधेच माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवतात. भरलो हो, एकवीस वर्षांनी पुरेपूर भरलो! फक्त एकच... काल अगदीच सहन होईना, म्हणून म्हटलं, "मामा, एक... फक्त एक डास मारू का?"

तर म्हणाले, "नको. तुम्ही हललात की ते माझ्याकडे येतात."