मेंढरं वाऱ्यावर टाकणारा हिरो

तुम्ही हसाल, पण मला काउबॉयच्या कादंबऱ्यांचं भारी वेड, आणि भेटेल त्याच्या गळ्यात एखादी मारायची खोड. जतला शाळेवर होतो तेव्हा शेजारचे बिरामामा पाय मोडून घरी बसले. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस, आणि यंदा कळप घेऊन पोरगा एकटाच गेलेला. म्हटलं, घोडी, कुरणं, मोकळं रान, मामांचा जीव रमेल. तीनदा वाचलेली माझी लाडकी कादंबरी मराठी अनुवादात होती, ती दिली.

घरी आल्यावर आठवलं, त्यात गुरांचा एक मालक मेंढक्याला गोळी घालतो!

चार दिवसांनी भीत भीत गेलो.

"सर, गवत खाल्लं म्हणून गोळी?" मामा म्हणाले. "आपल्याकडं खत पडतंय म्हणून लोक बोलवून मेंढरं रानात बसवून घेत्यात. त्यास्नी कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

"चुकलंच माझं, मामा. पण पुढं हिरो त्या मालकाला धरतो की."

"धरतोय, वाचलं. पर मेंढक्या मेल्यावर मेंढरं कुनी वळली? पानी कुनी दावलं? दोनदा मागं जाऊन हुडकलं मी."

तीनदा वाचूनही मला हा प्रश्न पडला नव्हता. विषय बदलायला विचारलं, "बरं, हिरो कसा वाटला?"

मामांनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

"कसला हिरो! मेंढरं तशीच उन्हात टाकून लगीन करायला गेला की त्यो."