चार नंबरचा दिवा

नाही नाही, हात असा वरून नाही ठेवायचा — बोटं दांडीवर ठेवा, हलकी, हां, अशी. वर सरकवली की दिवा वाढतो, खाली ओढली की मंद होतो, बाकी यात काही नाही हो. बारा दांड्या आहेत, त्यातल्या दहा चालतात. पाच आणि नऊवर मी चिकटपट्टी लावलीय, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि प्रेक्षक यायच्या आधी सगळे दिवे थोडे तापवून घ्यायचे, गार बल्बला एकदम पूर्ण उजेड मागितला की आतली तार तुटते. तुम्ही मोठ्या नाट्यगृहात केलंय म्हणता, तिथं सगळं कॉम्प्युटरवर असेल. इथं खाली नव्वद खुर्च्या आणि वर या खोलीत अर्ध्या उघड्या काचेमागं हे एक लाकडी टेबल. पण काम तेच. माणूस दिसला पाहिजे आणि आपण दिसता कामा नये.

काय? नाही, नाटक साधं आहे. बाई एकटीच आहे, एका खुर्चीत बसून तासभर बोलते. उठत नाही, चालत नाही. पेन्सिलीनं सगळं लिहून ठेवलंय बघा, कुठल्या वाक्याला कुठला दिवा. ती बाई म्हणजे आमची बारकी — माझी पुतणी, थोरल्या भावाची मुलगी. सात महिन्यांनी उभी राहतेय आज स्टेजवर. उभी म्हणजे — बसतेय. आज चारचा प्रयोग तिचाच. तिनं सगळ्यांना सांगितलंय, लाईट काकाच करणार, दुसरा कोणी नको. म्हणून तुम्हाला मागच्या दारानं यायला सांगितलं. पाठीमुळं हो. मला शिडी चढवत नाही आता. आणि एवढा वेळ बसवतही नाही.

चार नंबर ना? बरोबर विचारलंत. कागदावर चार कुठंच नाही, कारण चार मी वापरत नाही. तो स्टेजच्या पुढच्या कडेवर आडवा पाइप आहे ना, प्रेक्षकांच्या बाजूचा, त्यावरचा — दिसतोय? तिरका आत रोखलेला असायचा, स्टेजच्या मध्यावर. आता तिथं दिवा अडकवायचा नुसता लोखंडी पट्टा राहिलाय. दिवा पडला तो. पेपरात चार ओळी आल्या होत्या, तुमच्या वाचनात आलं असेल. नसेल आलं, चार ओळी कोण वाचतो.

आता निघालंच आहे तर ऐका, तुम्हाला कामाला येईल. हे दिवे पाच-सहा किलोचे असतात. एका बोल्टवर लटकतात, आणि बोल्ट सुटलाच तर म्हणून एक साखळी असते, पाइपाला वेढा देऊन लावलेली. त्या दिवशी दिग्दर्शकानं आयत्या वेळी स्टेजवरचं टेबल दोन फूट मागं नेलं. म्हणजे दिवा फिरवायला हवा. मी शिडीवर चढलो, बोल्ट सैल केला, तर साखळी अडकायला लागली, दिवा पुरता वळेना. म्हणून साखळी काढली — आणि तेवढ्यात खालून ओरडा, दारं उघडली, लोक आत येताहेत, शिडी हलवा. पाना खाली राहिला होता. मी बोल्ट हातानंच आवळला. आवळला म्हणजे चांगला आवळला हो, माझा हात काय कच्चा आहे का? साखळी गळ्यात घातली आणि उतरलो. म्हटलं, मध्यंतरात लावू.

गळ्यातच होती ती. पहिला अंक सुरू झाल्यापासून मी साखळी गळ्यात घालून बसलो होतो इथं, या खुर्चीत.

तुम्हाला ठाऊक आहे, दिवा नीट बसलेला असला की त्याचा जमिनीवरचा गोल हलत नाही. तासन्‌तास हलत नाही. आपल्याला वर बघावंच लागत नाही, खाली बघितलं की वरचं सगळं कळतं. आणि मला दिसलं, गोल हलतोय. आधी बोटभर. वाटलं, डोळ्यांना भास होतोय. मग वीतभर. दिवा मान टाकत होता, आणि त्याचा उजेड मागून पुढं यायला लागला होता, बरोबर त्याच्याच खाली. नव्वद लोक बसलेले, एकालाही काही वेगळं वाटलं नाही. त्यांना वाटलं असेल, वा, काय सुंदर लाईट करतोय हा माणूस.

आणि बारकी उजेडाबरोबर पुढं आली.

कारण तसं तिला मीच शिकवलं होतं. सोळा वर्षांची असताना आणली मी तिला नाटकात, दादा नको म्हणत होता, वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तिला उजेड सापडायचा नाही, सारखी अंधारात उभी राहून बोलायची. मी सांगितलं होतं, उजेडाची ऊब गालावर कळते, ती सरकली की पाऊल टाकायचं आणि पुन्हा घ्यायची, वाक्य तोडायचं नाही. इतकं छान जमायचं तिला. एक पाऊल, दुसरं पाऊल, वाक्य चालूच, कोणाला कळूसुद्धा नये — तिसरं पाऊल.

ओरडायला हवं होतं ना? तुम्ही म्हणत नाही, पण तोंडावर आहे तुमच्या. ओरडायचं. बारके, मागं हो — तीन शब्द. मला सुचले होते ते. तोंडात आले होते. पण चौतीस वर्षं मी या खुर्चीत बसून कधी खोकलो नाही हो. खोकला आला तर रुमाल तोंडात कोंबून बसलोय. माझंच तोंड, आणि माझं ऐकेना. हात तेवढा चालला. मला वाटलं — त्या क्षणी मला खरंच वाटलं — की उजेडच नसला तर ती त्याच्यामागं कशाला येईल? चौथं पाऊल पडायच्या आत मी सगळ्या दांड्या खाली ओढल्या.

आणि अंधार झाल्यावर काय करायचं, तेही तिला मीच शिकवलेलं. जिथं असशील तिथं उभी राहा, हलू नकोस, धडपडशील. ती उभी राहिली. मला दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं, ती अगदी शहाण्यासारखी जागेवर उभी असणार. आणि मग वरून आवाज आला.

खांदा गेला. घोट्याचा चुरा झाला. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आता, आणि पाय ओढून चालते. डॉक्टर म्हणाले, नशीब, डोक्यावर नाही पडला. सगळ्यांनीच ते म्हटलं. मीही म्हटलं.

नाही, कोणाला नाही सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, लाईट गेली. सगळ्यांनी मान डोलावली, आधीही दोनदा गेली होती ना. साखळीचं विचारलं तर म्हटलं, होती, तुटली असेल. ती तेव्हा माझ्या पिशवीत होती. मग इथल्या वायरमनला काढला. भला माणूस, बावीस वर्षं इथंच होता. जाताना माझ्याकडे आला, माझा हात धरून रडला, म्हणाला, माझ्या वायरिंगमुळं तुमच्या पोरीचं असं झालं. मी काय केलं असेल? मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, जाऊ द्या, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत.

तुम्ही उठू नका, बसा. बसा हो. ऐकून घ्या एवढं.

बारकीला शुद्ध आली तेव्हा मी उशाशी होतो. तिनं आधी मला विचारलं, काका, तुम्ही जेवलात का? आणि त्या दिवसापासून येईल त्याला तेच सांगते — लाईट गेली नसती तर काकांनी मला वाचवलं असतं. दादाला सांगते, शेजाऱ्यांना सांगते. वहिनी मला वाढताना आधी माझं ताट भरते आता. मी सांगायला म्हणून गेलो, तीनदा गेलो. एकदा तर सुरुवातही केली, म्हटलं, बारके, त्या दिवशीचं एक राहिलंय. तर ती म्हणाली, काका, तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका, नाहीतर माझ्याच्यानं स्टेजवर जाववणार नाही. आता सांगा, काय बोलू मी पुढं? तिला पुन्हा स्टेजवर यायचंय ते माझ्या भरवशावर. आणि माझा हात या दांडीवर ठेवला की ती मला वर सरकवत नाही, बघा, हे बघा. पाठ कसली दुखतेय. पाठ ठणठणीत आहे माझी.

थांबा — आली. तीच. काठीचा आवाज तिचा. इथं उजेड नाही, खालून काच काळी दिसते, तिला आत कोण आहे ते कळायचं नाही. बसली खुर्चीत. वर बघतेय.

ऐकलंत? काका, थोडं वाढवा म्हणतेय. दोन नंबर. वाढवा तुम्ही, हळूहळू — अजून — हां, पुरे. हसली बघा.

बोलू नका काही. तिला वाटू दे, मीच आहे. मी निघतो, दार हळूच लोटून घेतो.